दहा पानं आणि सहा आज्ञा : शब्द मोजण्याचं एक प्रकरण

जून १९८६ मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या मासिकातल्या जॉन बेंटली यांच्या 'प्रोग्रामिंग पर्ल्स' या सदरात एक साधा प्रश्न आणि त्याची दोन उत्तरं छापून आली. प्रश्न असा होता : मजकुराची एक फाइल आणि एक संख्या दिली आहे. फाइलमध्ये सर्वांत जास्त वेळा आलेले तितके शब्द, प्रत्येक किती वेळा आला त्या आकड्यासह, उतरत्या क्रमानं छापा. पहिलं उत्तर संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड कनूथ यांचं होतं, छापील दहाएक पानांचं. दुसरं बेल लॅब्स या अमेरिकी संशोधनसंस्थेतले डग मॅकिलरॉय यांचं होतं आणि ते सहा आज्ञांत संपत होतं.

संगणकाच्या वर्गांत हे प्रकरण आजही सांगितलं जातं, पण बहुतेक वेळा कुस्तीचा निकाल सांगावा तसं : मॅकिलरॉय जिंकले, कनूथ हरले, म्हणून प्रोग्राम लहान असावेत. अशा सांगण्यानं कनूथ यांच्यावर अन्याय होतो. त्याहून मोठं नुकसान म्हणजे, त्या सहा आज्ञा चालल्या कशामुळे हा प्रश्न मागेच राहतो. माझ्या मते त्या चालल्या याचं कारण तुकड्यांच्या लहानपणात फार थोडं आहे. तुकड्यांनी आपापसांत एक करार पाळला होता, आणि खरी किमया त्या कराराची होती. करार कुठवर टिकतो, हे तपासायला याच सहा आज्ञांमधून मराठी मजकूर सोडून पाहण्याइतकी चांगली परीक्षा नाही. तिकडे शेवटी येतो.

कोणाला काय सांगितलं होतं

कनूथ त्या काळात 'लिटरेट प्रोग्रामिंग' या पद्धतीचा आग्रह धरत होते. प्रोग्राम यंत्रासाठी लिहिण्याआधी वाचणाऱ्या माणसासाठी लिहावा, निबंधासारखा, परिच्छेदांत. यंत्राला लागणारा क्रम एखाद्या साधनानं नंतर लावून घ्यावा, असा तो विचार होता. त्यासाठी त्यांनी वेब नावाचं साधन तयार केलं होतं (आजच्या इंटरनेटच्या वेबशी त्याचा संबंध नाही) आणि आपली टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली त्यातच लिहिली होती. बेंटली यांनी त्यांना विनंती केली ती याच पद्धतीचा नमुना दाखवण्याची. शब्दमोजणीचा प्रश्न हे त्यासाठी निमित्त होतं. मॅकिलरॉय यांना बोलावलं होतं समीक्षक म्हणून, साहित्याच्या मासिकात पुस्तकाचं परीक्षण असतं तसं प्रोग्रामचं परीक्षण करायला. दोघं एकाच शर्यतीत उतरलेच नव्हते.

कनूथ यांनी काम सचोटीनं केलं. शब्द वाचता वाचता मोजायचे, तर प्रत्येक शब्द 'आधी आला होता का' हे झटकन कळायला हवं. त्यासाठी त्यांनी एक खास रचना वापरली. शब्दांच्या अक्षरांचं झाड करायचं, समान सुरुवातीचे शब्द एकाच फांदीवर ठेवायचे, आणि या झाडाच्या सगळ्या फांद्या एकाच सलग रकान्यात एकमेकींच्या मोकळ्या जागांत बसवायच्या. मजकूर एकदाच वाचला जातो. इंग्रजीतला 'द' (the) हा शब्द हजार वेळा आला तरी स्मृतीत तो एकदाच राहतो आणि त्याचा आकडा तेवढा वाढतो. शेवटी आकड्यांनुसार क्रम लावला की यादी तयार. हे सगळं क्रमांक घातलेल्या परिच्छेदांतून असं उलगडत जातं की वाचणाऱ्याला लेखकाचा विचार मागोमाग दिसतो. मॅकिलरॉय यांनी या लेखनाची मोकळ्या मनानं स्तुती केली. पद्धत मला पटते, फळ पटत नाही, असं त्यांच्या अभिप्रायाचं सार होतं. प्रोग्रामला त्यांनी फाबर्जे या रशियन जवाहिऱ्याच्या रत्नजडित अंड्याची उपमा दिली : अप्रतिम घडवलेलं, आणि जन्मापासूनच संग्रहालयात ठेवण्याजोगं.

मग त्यांनी आपला उपाय मांडला : युनिक्स या संगणकप्रणालीतल्या सहा तयार आज्ञा साखळीसारख्या जोडलेल्या, एकीतून निघालेला मजकूर थेट पुढचीत जाणारा.

सहा कड्या

पहिली कडी टीआर या आज्ञेची. इंग्रजी अक्षरं सोडून जे काही येईल, म्हणजे मोकळी जागा, स्वल्पविराम, आकडे, त्या सगळ्याच्या जागी नवी ओळ टाकायची. अशा नव्या ओळी लागोपाठ आल्या तर एकच ठेवायची. मजकूर आत जातो परिच्छेदांत आणि बाहेर येतो एका ओळीत एक शब्द अशा रूपात. दुसरी कडीही टीआरचीच : मोठ्या लिपीतली अक्षरं लहान करायची, म्हणजे वाक्याच्या सुरुवातीचा शब्द आणि मधला तोच शब्द वेगळे मोजले जाणार नाहीत. तिसरी कडी सॉर्ट : ओळी क्रमानं लावायच्या, त्यामुळे सारख्या ओळी शेजारी शेजारी येतात. चौथी युनिक : शेजारच्या सारख्या ओळींची एकच ओळ करायची आणि तिच्या आधी त्या किती होत्या तो आकडा लिहायचा. पाचवी पुन्हा सॉर्ट, या वेळी आकड्यांनुसार आणि उतरत्या क्रमानं. सहावी सेड : मागितलेल्या संख्येइतक्या ओळी छापायच्या आणि थांबायचं.

या सहांपैकी एकीलाही 'शब्दांची वारंवारता' म्हणजे काय हे माहीत नाही. युनिकला शब्द काय असतो तेसुद्धा माहीत नाही. तिला फक्त ओळी ठाऊक आहेत, आणि त्यातही एकमेकींच्या शेजारच्याच. दूरच्या दोन सारख्या ओळी तिला दिसत नाहीत. ही तिची उणीव वाटते, पण आधी सॉर्ट लावली की ती उणीव उरत नाही. युनिकच्या कर्त्यानं क्रम लावण्याचं काम आपल्यात घेतलं नाही, कारण ते करणारी आज्ञा आधीच होती. मला या साखळीतली सर्वांत सुंदर जागा हीच वाटते. एका साधनाची मर्यादा इथे दुसऱ्या साधनाच्या भरवशावर ठेवलेली आहे.

पहिल्या कडीकडे मात्र वाचणाऱ्यांचं लक्ष कमी जातं, आणि खरं काम तिथे झालेलं असतं. 'एका ओळीत एक शब्द' हे रूप मिळालं की मूळ प्रश्न संपतो आणि उरतो तो ओळी मोजण्याचा प्रश्न. त्याची उत्तरं आधीच तयार होती.

एक बारीक दोषही सांगायला हवा. मजकुराची सुरुवात अवतरणचिन्हानं झाली तर पहिली कडी सुरुवातीलाच एक रिकामी ओळ सोडते, आणि ती रिकामी ओळ 'शब्द' म्हणून एकदा मोजली जाते. ती यादीच्या तळाशी राहते, म्हणून सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. मोजणीच्या अचूक कामात ती गाळावी लागते.

सहा आज्ञांची आधीच भरलेली किंमत

दहा पानं विरुद्ध सहा आज्ञा ही तुलना ऐकताना एक गोष्ट नजरेआड होते. त्या सहा आज्ञांच्या मागे वीसेक वर्षांचा विचार उभा होता, आणि तो बराचसा स्वतः मॅकिलरॉय यांचा होता.

बेल लॅब्समध्ये ऑक्टोबर १९६४ मध्येच त्यांनी एका टिपणात लिहून ठेवलं होतं की प्रोग्राम एकमेकांना बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे जोडता यायला हवेत. माहितीवर आणखी एक संस्कार करायचा असेल तर नळीचा आणखी एक तुकडा फिरवून बसवावा. तेव्हा युनिक्स नव्हतं. १९६९ मध्ये बेल लॅब्स मल्टिक्स या मोठ्या प्रकल्पातून बाहेर पडली आणि केन थॉम्पसन यांनी एका जुन्या पीडीपी-७ यंत्रावर युनिक्सची सुरुवात केली. डेनिस रिची लगेच सोबत आले. नंतर संस्थेच्या पेटंट विभागाच्या टंकलेखनाच्या कामासाठी म्हणून पीडीपी-११ यंत्र मिळालं. त्याची स्मृती २४ किलोबाइट होती. त्यातली १६ प्रणालीला आणि ८ वापरणाऱ्याच्या प्रोग्रामला. एवढ्या जागेत अवाढव्य प्रोग्राम बसणारच नव्हता. लहान प्रोग्राम लिहिण्यामागे तत्त्वज्ञान होतं तितकीच ही सक्तीही होती, हे मान्य केलं पाहिजे.

लहान प्रोग्राम होते, तरी जोडणी नव्हती. एकाचा निकाल फाइलमध्ये ठेवायचा, मग दुसऱ्याला ती फाइल द्यायची, असं चाललं होतं. मॅकिलरॉय जोडणीसाठी वर्षानुवर्षं मागे लागले होते. अखेर थॉम्पसन यांनी एका रात्रीत पाइपची, म्हणजे एका प्रोग्रामचा निकाल थेट दुसऱ्यात सोडण्याची, सोय प्रणालीत घातली. फेब्रुवारी १९७३ च्या युनिक्स पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ती नोंदलेली आहे. सोय घालून काम संपलं नाही. तोवरचे बरेच प्रोग्राम फाइलचं नाव मागत, नावाशिवाय कामच करत नसत. ते बदलावे लागले : नाव दिलं नाही तर जे आत येईल ते वाचा, आणि निकाल बाहेर सोडा. सॉर्टसारख्या आज्ञेला तोवर 'आत येईल ते' ही कल्पनाच लागू नव्हती. दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेत एका ओळीचे जोडप्रोग्राम लिहिण्याची जी लाट आली, तिचं वर्णन मॅकिलरॉय यांनी पुढे मोठ्या आनंदानं केलं आहे.

या सवयी १९७८ मध्ये 'बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल'च्या युनिक्स विशेषांकाच्या प्रस्तावनेत मॅकिलरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांत मांडल्या. प्रत्येक प्रोग्रामनं एकच काम नीट करावं. नवं काम आलं तर जुन्या प्रोग्रामला शेपूट जोडण्यापेक्षा नवा लिहावा. आपला निकाल पुढे कुठल्यातरी, अजून जन्मालाही न आलेल्या प्रोग्रामला वाचायचा आहे असं धरून चालावं. म्हणून त्यात फापटपसारा नसावा. चौकटीत बसवलेले किंवा यंत्रालाच कळणारे साचे टाळावेत. आणि माणूस समोर बसून उत्तरं देईल अशी अट घालू नये.

लोक यातलं पहिलं वाक्य पाठ करतात. माझ्या लेखी वजन आहे ते 'अजून जन्मालाही न आलेल्या' या शब्दांत. युनिक लिहिणाऱ्याला बेंटली यांचा प्रश्न माहीत नव्हता, आणि सॉर्ट लिहिणाऱ्याला युनिक कशासाठी वापरली जाईल ते ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त एवढं पाळलं की आत ओळी, बाहेर ओळी, आणि त्यांत 'काम पूर्ण झालं' यासारखी शोभेची वाक्यं मिसळायची नाहीत. सॉर्टनं असं एक वाक्य छापलं असतं तर युनिकनं तेही शब्द म्हणून मोजलं असतं. काही चुकल्याचं सांगणाऱ्या सूचनांसाठी वेगळी वाट ठेवावी लागली तीही याच कारणानं. आधी त्या निकालातच मिसळत, आणि छपाईच्या यंत्रावर पाठवलेल्या मजकुरात मधेच चूक झाल्याची सूचना सुबक टाइपात जुळून आल्याचे प्रकार घडले, तेव्हा आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या वाटांखेरीज ही तिसरी वाट काढली गेली.

पाइपचं काम कसं चालतं तेही पाहण्यासारखं आहे. सहाही आज्ञा एकाच वेळी सुरू होतात. दोन कड्यांमधली जागा मर्यादित असते. ती भरली की लिहिणारी आज्ञा थांबते, वाचणारीनं थोडं उचललं की पुन्हा चालू होते. कोणी कोणाला 'थांब' म्हणत नाही, प्रणालीच थांबवते. शेवटच्या सेडनं हव्या तितक्या ओळी छापून काम सोडलं की तिच्या मागच्या सॉर्टला लिहायला जागाच उरत नाही, आणि प्रणाली तिलाही संपवते. आज्ञा लिहिणाऱ्याला यातलं काहीही हाताळावं लागत नाही.

दोन्ही उत्तरांचा खर्च

मॅकिलरॉय यांच्या साखळीत तिसरी कडी महाग आहे. क्रम लावायचा तर सगळा मजकूर आत आल्याशिवाय सॉर्टला पहिली ओळही बाहेर सोडता येत नाही. सर्वांत आधी यायची ओळ कदाचित सर्वांत शेवटी असेल. म्हणजे वाहतं पाणी इथे अडतं. शिवाय पाच लाख शब्दांच्या मजकुरात 'द' पंचवीस हजार वेळा आला, तर पंचवीस हजार ओळी लिहिल्या, हलवल्या आणि शेजारी आणून पुन्हा एकच केल्या जातात. कनूथ यांच्या रचनेत हे होत नाही. सॉर्टचा एक मोठा गुण मात्र इथे कामी येतो : मजकूर स्मृतीत मावला नाही तर ती तुकडे करून डिस्कवर ठेवते आणि मग ते क्रमानं मिसळते. मजकूर स्मृतीपेक्षा मोठा असला तरी साखळी चालत राहते.

मॅकिलरॉय यांना हा खर्च ठाऊक होता. त्यांचा प्रश्न वेगळा होता : हेच्या हेच काम पुन्हा पुन्हा किती वेळा करावं लागेल? फार नाही. पण याच्यासारखी, थोडीशी वेगळी कामं नक्की येतील. तेव्हा शहाणा अभियंता पुन्हा वापरता येतील असे भाग तयार करेल, किंवा त्याहून बरं म्हणजे तयार असलेले वापरेल.

या उत्तराची ताकद बदलाची मागणी आली की कळते. जोडशब्दातली आडवी रेघ शब्दाचा भाग धरायची आहे? पहिल्या कडीत एक चिन्ह वाढवा. मोठी आणि लहान लिपी वेगळी मोजायची आहे? दुसरी कडी काढून टाका. अडनिड्या शब्दांचा अभ्यास करायचा म्हणून सर्वांत कमी वेळा आलेले शब्द हवेत? पाचव्या कडीतलं 'उतरत्या क्रमानं' काढा. वेग कमी पडतोय? १९७७ मध्ये याच प्रयोगशाळेत तयार झालेल्या ऑक या भाषेत शब्दाला थेट आकडा जोडून ठेवता येतो. तिसरी आणि चौथी कडी काढून तिथे ऑकची एक ओळ बसवली की कनूथ यांच्यासारखीच जागच्या जागी मोजणी होते. आधीच्या आणि नंतरच्या कड्यांना याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे कनूथ यांच्या विचाराला साखळीत जागा आहे, एका कडीची. मला वाटतं, या प्रकरणाचा न्याय्य निकाल काढायचा तर तो असा काढावा.

आता उलट बाजू. मोठा प्रोग्राम वाचणाऱ्याला आपली कारणं सांगू शकतो. सहा आज्ञांची साखळी काहीही सांगत नाही. मॅकिलरॉय यांनाही साखळीखाली प्रत्येक कडीचं स्पष्टीकरण द्यावंच लागलं. आणि 'एकच काम' हा नियम युनिक्सच्या घरातही टिकला नाही. सॉर्टलाच पुढे सारख्या ओळी गाळण्याचा एक पर्याय मिळाला, जे युनिकचं काम. बर्कली विद्यापीठात कॅट या फाइल जशीच्या तशी छापणाऱ्या आज्ञेला अदृश्य चिन्हं दाखवण्याचा पर्याय जोडला गेला, आणि १९८३ मध्ये बेल लॅब्समधल्या रॉब पाइक यांनी त्यावर जाहीर टीका केली. सोयीपुढे नियम झुकतात. पण सॉर्टमध्ये पर्याय वाढले तरी 'आत ओळी, बाहेर ओळी' हे तिनं कधी सोडलं नाही. नियम वाकला, करार शाबूत राहिला, म्हणून साखळी आजही चालते.

मराठी मजकूर आत सोडल्यावर

आता ही साखळी जशीच्या तशी घेऊन तिच्यात मराठी मजकूर सोडा. निकाल येतो : एक रिकामी ओळ, आणि तिच्यापुढे एकचा आकडा. मजकुरात चुकून इंग्रजी शब्द असतील तर तेवढे. बाकी सगळी मराठी नाहीशी.

कारण पहिल्या कडीत आहे. 'इंग्रजी अक्षरं सोडून सगळं विभाजक' असं तिला सांगितलं आहे, आणि तिच्या दृष्टीनं देवनागरी हे सगळं 'बाकीचं' आहे. १९८६ मध्ये ही व्याख्या कोणाला खटकली नाही. कनूथ यांच्या प्रोग्राममध्येही शब्द म्हणजे इंग्रजी अक्षरांचीच माळ होती. दोन्ही उत्तरांखाली गृहीतक तेच होतं; पण साखळीत ते एका ठिकाणी, उघड्यावर, एका ओळीत सापडतं.

दुरुस्ती सुचते ती व्याख्या उलटी करण्याची. अक्षरांची यादी देण्याऐवजी विभाजकांची द्या : मोकळी जागा आणि विरामचिन्हं आली की नवी ओळ. ही युक्ती मराठीवर चालते, आणि ती चालावी याचं श्रेय पुन्हा केन थॉम्पसन यांच्याकडे जातं. सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांनी आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदी मॅटवर, यूटीएफ-८ ही जगातल्या सगळ्या लिप्या संगणकात साठवण्याची पद्धत आखली. तिच्यात इंग्रजी अक्षरं, चिन्हं आणि नव्या ओळीचा संकेत जुन्याच एका बाइटात (० ते २५५ मधल्या एका आकड्यात) राहतात. इतर लिप्यांची अक्षरं अनेक बाइटांची असतात, पण त्यांतला प्रत्येक बाइट १२८ किंवा त्यापुढचा असतो. 'मराठी' हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा, युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत पाच संकेतांचा आणि यूटीएफ-८ मध्ये १५ बाइटांचा. त्या १५ मध्ये नव्या ओळीचा किंवा स्वल्पविरामाचा बाइट चुकूनही येऊ शकत नाही. म्हणून देवनागरीचं नावही न ऐकलेली जुनी आज्ञा ती न फोडता पुढे सोडते. ओळींचा करार नव्या लिप्यांसकट टिकावा, अशीच ही आखणी आहे.

मराठीला आणखी एक सोय आहे. आपण पूर्णविराम इंग्रजीसारखा टिंबानं देतो, म्हणून बहुतेक विरामचिन्हं एका बाइटाची निघतात. हिंदीत दंड वापरतात, तो तीन बाइटांचा. लिनक्सवर सहसा असणाऱ्या जीएनयूच्या टीआरला अशी चिन्हं नीट हाताळता येत नाहीत. आपल्याकडेही वळणदार अवतरणचिन्हं आणि लांब रेघ तशीच. ती आधी एका सेडच्या कडीनं साधी करून घ्यायची. दुसरी कडी, लहान-मोठ्या लिपीची, मराठीत निरुपयोगी. ती काढून टाकली तरी काहीही बिघडत नाही.

नव्या भाषांमधली 'अक्षर ओळखा' ही तयार सोय अधिक शहाणी असेल असं वाटतं, पण तिथे फसगत होते. पायथन या भाषेच्या मूळ रेगेक्स (मजकुरात नमुना शोधण्याच्या) साधनात शब्दातलं अक्षर ओळखणारी खूण काना, वेलांटी, हलन्त यांना अक्षर मानत नाही, कारण युनिकोडमध्ये त्यांचा वर्ग 'चिन्ह' असा आहे. त्यामुळे 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ' होतात, 'शब्द'चे 'शब' आणि 'द'. विभाजकांच्या बाजूनं विचार केलेली जुनी साखळी इथे जास्त भरवशाची ठरते.

सॉर्टचं काय? बाइटांच्या क्रमानं लावलं तर 'ळ' हा 'ल'च्या नंतर आणि 'व'च्या आधी येतो. शब्दकोशात आपण त्याला 'ह'च्या नंतर शोधतो. कोश छापायचा असता तर हा क्रम चुकीचा ठरला असता. मोजणीला मात्र क्रम कुठलाही चालतो. सारख्या ओळी शेजारी आल्या की झालं. अट एकच : सॉर्ट आणि युनिक या दोघींना 'सारखं' कशाला म्हणायचं हे एकच सांगितलेलं हवं, म्हणून दोघींना एकाच लोकेलमध्ये, म्हणजे भाषेच्या एकाच मांडणीत, चालवायचं.

'सारखं' म्हणजे काय, इथेच मराठीची खरी अडचण सुरू होते. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप केलेला सापडतो. एकात 'ऱ' हा स्वतंत्र संकेत असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि जोडणारा शून्य-रुंदीचा अदृश्य संकेत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे. युनिक त्यांना दोन शब्द म्हणून मोजते, आणि दिलेल्या कराराप्रमाणे ती बरोबरच असते. उपाय म्हणून मधे एक नवी कडी : आयसीयू या युनिकोड हाताळणाऱ्या संचातल्या यूकॉन्व्ह या आज्ञेनं युनिकोडचं प्रमाण रूप करून घ्यायचं, म्हणजे नुक्ता वेगळा दिलेला 'ऱ' एकसंध होतो, आणि र-हलन्त-अदृश्य संकेत हे त्रिकूट सेडनं 'ऱ' आणि हलन्त या जोडीकडे वळवायचं, कारण युनिकोड स्वतः त्यांना समान मानत नाही. हे करताना घाई नडते. अदृश्य संकेत म्हणजे कचरा असं समजून सरसकट पुसून टाकले तर 'आचाऱ्यास' दिलेला निरोप 'आचार्यास' जातो. स्वयंपाकी आणि गुरू यांची मोजणी एकत्र होते, आणि यादीत त्याची कुठलीही खूण दिसत नाही.

एवढं झालं की यादी पाहण्याजोगी येते. वर 'आहे', 'आणि' यांसारखे शब्द, खाली नामं. पण 'घर', 'घरात', 'घराला', 'घरापासून' हे चार वेगळे शब्द म्हणून येतात. 'केले' आणि 'केलं' वेगळे. इंग्रजीत 'घरात'चे सुटे शब्द होतात, म्हणून तिथे मोकळ्या जागेवर तोडणं पुरतं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो, आणि मोकळ्या जागेवर आधारलेली व्याख्या अपुरी पडते. मग आणखी एक कडी लागते : एका ओळीत एक शब्द आत घेणारी आणि एका ओळीत एक मूळ रूप बाहेर सोडणारी. ती लिहिणं अवघड आहे, सामान्यरूपांचे नियम आणि अपवाद भरपूर आहेत. पण ती कुठे बसवायची हा प्रश्न क्षणभरही पडत नाही. सॉर्टच्या आधी, शब्द सुटे झाल्यानंतर.

मात्र इथे करारालाच हात लावावा लागतो. 'कर' म्हणजे हात, सरकारी कर, की 'हे काम कर' मधलं क्रियापद, हे शेजारच्या शब्दांवरून ठरतं. शब्द एकेका ओळीत सुटे केल्यावर त्यांचा क्रम सॉर्टपर्यंत तरी टिकतो. वाक्य कुठे संपलं हे मात्र पहिल्या कडीनंच पुसून टाकलेलं असतं. ते राखायचं तर पूर्णविरामाच्या जागी एक रिकामी ओळ सोडावी लागेल, आणि प्रत्येक ओळीत शब्दाशेजारी त्याचं मूळ रूप लिहायला रकाना लागेल.

भाषेचं संगणकीय काम करणारे लोक याच रूपाशी येऊन पोचले आहेत. युनिव्हर्सल डिपेन्डन्सीज या प्रकल्पात अनेक भाषांची विश्लेषण केलेली वाक्यं ठेवलेली आहेत, मराठी वाक्यांचाही एक छोटा संग्रह आहे. तिथला साचा असा : एका ओळीत एक शब्द, टॅबनं वेगळे केलेले १० रकाने, वाक्य संपलं की रिकामी ओळ. दुसऱ्या रकान्यात शब्द जसा आला तसा, तिसऱ्यात त्याचं मूळ रूप, चौथ्यात त्याची जात. टिपांच्या ओळी हॅश चिन्हानं सुरू होतात. त्या आणि रिकाम्या ओळी ग्रेप या ओळी निवडणाऱ्या आज्ञेनं गाळल्या, कट या आज्ञेनं तिसरा रकाना उचलला, की पुढे त्याच चार कड्या लागतात : सॉर्ट, युनिक, सॉर्ट, सेड. 'कर' हे क्रियापद आणि 'कर' हे नाम वेगळे मोजायचे असतील, तर तिसऱ्याबरोबर चौथाही रकाना उचलायचा.